देशोदेशींचें चॉकलेट आणि रुचीचा न्याय

मराठी घरांत ‘चॉकलेट’ हा शब्द इतका सैलपणें वापरला जातो कीं, त्याचा नेमका अर्थ विचारल्यास पुष्कळांची पंचाईत व्हावी. वाढदिवसाच्या दिवशीं वर्गभर वांटल्या जाणाऱ्या लिमलेटच्या गोळीपासून दुधाळ टॉफीपर्यंत, आणि रावळगांवच्या रंगीत गोळ्यांपासून परदेशाहून आलेल्या पाहुण्याच्या पेटींतील सोनेरी वेष्टनाच्या वडीपर्यंत, जें जें गोड, कागदांत गुंडाळलेलें व मुलाच्या मुठींत मावणारें, तें तें सर्व आमच्याकडे चॉकलेटच होय. त्यांपैकीं बहुतेकांत कोकोचा कणही नसतो. तर्कशास्त्री यास अतिव्याप्तीचा दोष म्हणतील. परंतु ह्या सैलपणाबद्दल आपण एकट्यानेंच लाजावें असें नाहीं. चॉकलेट म्हणावें कशास, ह्या एका प्रश्नावर युरोपांतील सुधारलेल्या राष्ट्रांनीं सुमारें तीस वर्षें वाद घातला व तो शेवटीं न्यायालयापर्यंत नेला. त्या वादांत कोंकणांतील एका झाडाचेंही नांव यावें, हा योग तर अधिकच विलक्षण.

अलीकडे निरनिराळ्या देशांच्या चॉकलेटच्या वड्या एकत्र मांडून, त्यांची चव पाहून, त्यांस गुण देण्याचा छंद पुष्कळांस लागला आहे. स्वित्झर्लंडची वडी पहिली, बेल्जियमची दुसरी, अमेरिकेची शेवटची, असे निकाल मोठ्या आत्मविश्वासानें सांगितले जातात. छंद निरुपद्रवी आहे, व त्यांत मौजही आहे. पण अशा निकालांत परीक्षा नक्की कोणाची होते, झाडाची, कारखानदाराची, कायद्याची कीं परीक्षकाच्या बालपणाची, हा प्रश्न विचारल्यावांचून ते निकाल मान्य करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांतच शोधावें लागतें.

परकीयानें चॉकलेटची चव पाहून दिलेला एक अगदीं जुना अभिप्राय सोळाव्या शतकांतला आहे. मिलान शहराचा गिरोलामो बेंझोनी हा प्रवासी अमेरिका खंडांत अनेक वर्षें हिंडला, आणि त्याचा ग्रंथ १५६५ सालीं प्रसिद्ध झाला. त्या काळीं चॉकलेट हें खाण्याचें नव्हे, पिण्याचें द्रव्य होतें. कोकोच्या बिया भाजून, पाट्यावर वाटून, पाण्यांत कालवून, तिकडील लोक त्यांत मिरची, मक्याचें पीठ, सुगंधी फुलें वा व्हॅनिलाच्या शेंगा घालीत व उंचावरून ओतून त्यास फेंस आणीत. साखर त्यांस ठाऊक नव्हती. बेंझोनीला हें पेय माणसांपेक्षां डुकरांस अधिक शोभेल असें वाटलें, आणि तसें त्यानें लिहून ठेविलें. पुढें प्रवासांत द्राक्षाची दारू मिळेनाशी झाली, नुसतें पाणी पिण्याचा कंटाळा आला, तेव्हां त्यानें निरुपायानें तें घेतलें; आणि मग तें किंचित् कडू असलें तरी शरीरास तृप्ति व थंडावा देणारें, शिवाय मद न आणणारें आहे, असा निर्वाळाही त्यानेंच दिला. होसे दे आकोस्ता ह्या स्पॅनिश धर्मोपदेशकाचा ग्रंथ १५९० चा. संवय नसलेल्यास ह्या पेयावरील फेंस पाहून किळस येते, असें तो म्हणतो. पण त्याच देशांत स्थायिक झालेल्या स्पॅनिश स्त्रिया मात्र ह्या काळ्या पेयासाठीं वेड्या झाल्या आहेत, हेंही तो नमूद करतो. म्हणजे चॉकलेटच्या परीक्षेचा आरंभच असा आहे कीं, पदार्थ तोच राहिला आणि जीभ बदलली. पुढील चार शतकांचा इतिहास ह्याच सूत्रावर चाललेला दिसतो.

लिनीअसनें १७५३ सालीं ह्या झाडास ‘थिओब्रोमा’, म्हणजे देवांचें अन्न, असें नांव दिलें, तेव्हांही युरोपांत चॉकलेट पेल्यांतूनच घेतलें जात होतें. त्याची वडी होण्यास मोठी अडचण होती. कोकोच्या बींत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. बी वाटली कीं दाट, तेलकट लगदा होतो. तो पाण्यांत नीट मिसळत नाहीं, आणि त्यांत पुरेशी साखर घातल्यास कोरडा पडून त्याची मऊ वडी वळत नाहीं. हॉलंडमधील व्हान हूटेन घराण्यानें १८२८ सालीं दाब देऊन हें लोणी वेगळें काढण्याच्या यंत्राचा हक्क मिळविला. उद्देश हलकें पेय बनविण्याचा होता. परंतु त्यामुळें कोकोचें लोणी स्वतंत्रपणें हातीं आलें. तें लोणी वाटलेल्या लगद्यांत आणखी घातलें तर साखर सामावून घेऊन सांचांत ओततां येईल असें मिश्रण तयार होतें, ही युक्ति ब्रिस्टल येथील फ्राय कंपनीस साधली, आणि १८४७ सालीं खाण्याच्या चॉकलेटची वडी बाजारांत आली. ज्या वडीच्या अंगीं आज निरनिराळ्या राष्ट्रांचे गुण कल्पिले जातात, तिचें वय येणेंप्रमाणें पावणेदोनशें वर्षांच्या फारसें पुढें जात नाहीं.

कोकोच्या लोण्याचा एक गुणधर्म येथें सांगितला पाहिजे, कारण सर्व परीक्षा त्यावर उभी आहे. तें साधारण ३४ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास, म्हणजे मानवी शरीराच्या उष्णतेच्या किंचित् खालीं, वितळतें. म्हणूनच वडी हातांत घट्ट राहते आणि तोंडांत विरघळते. हें लोणी सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत गोठूं शकतें. त्यांतील पांचवें रूप साधलें तरच वडीस तकाकी येते व ती मोडतांना स्वच्छ ‘टक्’ असा आवाज होतो. त्यासाठीं पातळ चॉकलेट ठराविक रीतीनें गार करून पुन्हां किंचित् ऊन करावें लागतें. ही क्रिया बिघडली, अथवा दुकानांत उन्हाची झळ लागून वडी पुन्हां गोठली, कीं तिच्यावर पांढुरकी पुटी चढते व ती खातांना भुसभुशीत लागते. आपल्याकडील वैशाखांत अशा वडीचा निकाल लावून एखाद्या राष्ट्राची अब्रू घेणारे परीक्षक वस्तुतः उन्हाळ्याचीच परीक्षा करीत असतात.

आतां राष्ट्रांकडे वळूं. स्वित्झर्लंडांत कोकोचें झाड नाहीं, ऊंस नाहीं, समुद्रही नाहीं. त्या देशाजवळ होतें तें दूध, आणि चिकाटी. व्हेवे गांवच्या दानिएल पेतेर ह्यानें १८७५ च्या सुमारास आटविलेल्या दुधाच्या साह्यानें दुधाचें चॉकलेट सिद्ध केलें. दुधांतील पाणी हा त्याचा शत्रु होता, कारण थोडेंसें पाणीही चॉकलेटचें मिश्रण बिघडवितें व तें नासूं लागतें. पुढें १८७९ सालीं बर्न येथील रोडोल्फ लिंट ह्यानें चॉकलेट दीर्घकाळ घोंटण्याचें यंत्र काढलें. ह्या घोंटण्यानें कोको व साखर यांचे कण लोण्यांत एकजीव होतात, बियांच्या आंबण्यांत निर्माण झालेला नकोसा आंबट वास उडून जातो, आणि जिभेवर रेशमासारखा गुळगुळीतपणा येतो. आज ज्यास लोक ‘स्विस चव’ म्हणतात ती ह्या दोन शोधांची बेरीज आहे.

इंग्लंडांत कॅडबरी कंपनीनें १९०५ सालीं आपली ‘डेअरी मिल्क’ वडी काढली, ती स्विस मालास तोंड देण्यासाठीं. इंग्रज कारखानदारांनीं पुढें दूध टिकविण्याची निराळी रीत रूढ केली. दूध व साखर आटवून त्यांत कोकोचा लगदा मिसळावयाचा, आणि तें सर्व वाळवून त्याचा चुरा सांठवावयाचा. आटवितांना दूध व साखर यांवर उष्णतेचा जो परिणाम होतो, त्यानें किंचित् खरपूस, बासुंदीच्या बुडाची आठवण देणारी चव येते. उन्हाळ्यांत गवत विपुल असतां दूध फार, हिवाळ्यांत थोडें, ही त्या काळची अडचण दूर करण्यासाठीं काढलेली ही सोय. पण दोन पिढ्यांत तीच इंग्रज जिभेची आवड होऊन बसली. दुसऱ्या महायुद्धांत ताज्या दुधाच्या चॉकलेटवर बंदी आली व साय काढलेल्या दुधाच्या भुकटीची शिधाबंद वडी लोकांस मिळूं लागली. मिठाईवरील शिधाबंदी १९४२ सालीं सुरू झाली, व मध्यें १९४९ सालचे थोडे महिने वगळतां ती १९५३ पर्यंत टिकली. त्या वर्षांत वाढलेल्या मुलांस चॉकलेट म्हणजे आठवड्यांतून मोजून मिळणारी वस्तु होती. अशा पिढीनें गोड व दुधाळ वडीस पहिला नंबर द्यावा, यांत नवल तें कोणतें?

अमेरिकेची कथा याहून मनोरंजक आहे. मिल्टन हर्शी ह्यानें १९०० सालीं दुधाच्या चॉकलेटची स्वस्त वडी विकावयास काढली, आणि श्रीमंतांच्या ह्या खाद्यास मजुराच्या खिशांत आणलें. ह्या वडीस दह्याच्या वा जुन्या चीजच्या वळणाचा एक आंबूस दर्प असतो, ही गोष्ट युरोपीय मनुष्यास पहिल्या घांसांतच जाणवते. दुधांतील स्निग्धांशाचें अंशतः विघटन होऊन ब्युटिरिक आम्ल उत्पन्न होतें व त्याचाच हा दर्प, असें तज्ज्ञ मानतात. हें आम्ल जुन्या लोण्यांतही असतें. युरोपीय परीक्षक त्यास दोष म्हणतो. अमेरिकन मनुष्यास मात्र तो दर्प नसलेलें चॉकलेट अळणी वाटतें, इतके दिवस तो तिकडच्या बालपणाशीं जडलेला आहे. ज्यांस मुरलेल्या लोणच्याचा वा उतरलेल्या ताकाचा वास प्रिय आहे, त्यांनीं तरी अमेरिकनांस हंसूं नये.

ह्याच कंपनीची एक वडी अशी आहे कीं, ती मुद्दाम बेचव करण्यांत आली होती. अमेरिकन सैन्याच्या पॉल लोगन ह्या अधिकाऱ्यानें १९३७ सालीं आणीबाणीच्या शिध्यासाठीं वडी मागविली, तेव्हां त्याच्या अटी अशा होत्या : वजन चार औंस, पोषण भरपूर, उष्णतेंत न वितळणारी, आणि चवीला उकडलेल्या बटाट्यापेक्षां किंचितच बरी. चव चांगली झाली तर शिपाई ती संकटाआधींच खाऊन टाकील, ही भीति! ज्या कारागिरांनीं ही अट तंतोतंत पाळली, त्यांस आजचे गुणदाते किती गुण देतील? हेतु जाणल्याशिवाय वस्तूचें मोल ठरत नाहीं, हें ह्या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावें.

इतर देशांचीही अशींच कारणें सांपडतात. नेपोलियनच्या काळांतील व्यापारबंदीमुळें तुरीन येथें कोको महाग झाला, तेव्हां तेथील हलवायांनीं स्थानिक हेझलनट वाटून त्यांत मिसळलें. टंचाईंतून आलेली ती भेसळ आज इटलीची अभिमानाची चव ठरली आहे. सिसिलींतील मोदिका गांवीं चॉकलेट कमी उष्णतेवर करतात, त्यामुळें साखर विरघळत नाहीं व दांताखालीं कणी लागते. लिंटच्या यंत्रावर पोसलेल्या परीक्षकास ही वडी ओबडधोबड वाटेल, पण युरोपीय संघानें २०१८ सालीं तिला भौगोलिक नांवाचें संरक्षण दिलें. जपानांत मोरिनागा कंपनीनें १९१८ सालीं बियांपासून वडीपर्यंत सर्व क्रिया स्वदेशांतच करण्यास आरंभ केला, आणि मेजी कंपनीची दुधाची वडी १९२६ पासून चालू आहे. मॉस्को येथील आइनेम ह्या जर्मन गृहस्थाचा कारखाना क्रांतीनंतर १९१८ सालीं सरकारजमा झाला व १९२२ सालीं ‘लाल ऑक्टोबर’ झाला. ओढणी बांधलेल्या मुलीचें चित्र असलेली त्याची ‘अल्योन्का’ वडी एका सबंध पिढीच्या स्मरणांत आहे.

गेल्या हिवाळ्यांत आम्हीं कांहीं स्नेह्यांसह सहा देशांच्या दुधाच्या वड्यांची परीक्षा करून पाहिली. वेष्टनें काढून तुकडे बशांत ठेविले व बशांवर केवळ आंकडे घातले. आधीं तकाकी पाहावी, मग मोडून आवाज ऐकावा, वास घ्यावा, आणि तुकडा न चावतां जिभेवर विरघळूं द्यावा. दोन वड्यांच्या मध्यें कोमट पाणी व कोऱ्या पोळीचा तुकडा घ्यावा, असा नियम ठरविला. निकाल एकमताचा झाला नाहीं. तरी दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. ज्यांचें लहानपण इकडील गोड, आटीव दुधाच्या वडीवर गेलें होतें, त्यांनीं नांव न कळतांही त्या वळणाच्या वडीसच अधिक गुण दिले; आणि वीस वर्षें अमेरिकेंत राहिलेल्या एका गृहस्थांनीं ती आंबूस वडी डोळे मिटून ओळखली व तिला पहिली ठरविली. त्यानंतर वेष्टनें पुढें मांडून दुसऱ्या वेळीं गुण देण्यास सांगितलें, तेव्हां आल्प्सच्या चित्राची वडी दोन पायऱ्या वर चढली! जीभ तीच, तुकडा तोच; वाढले ते फक्त डोळे.

आतां त्या कायद्याच्या वादाकडे येऊं. इंग्लंड, आयर्लंड व डेन्मार्क हे देश १९७३ सालीं युरोपीय समूहांत सामील झाले. त्या देशांत कोकोच्या लोण्याच्या जागीं थोडें दुसरें वनस्पतितेल घालण्याची वहिवाट होती. फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्पेन इत्यादि देशांत तें निषिद्ध होतें. पाखंड्याशीं व्यवहार करावा कीं नाहीं, अशा थाटांत हा वाद चालला. अशा इंग्रजी मालास ‘व्हेजलेट’ म्हणावें अशी कुचेष्टेची सूचनाही पुढें आली. अखेर २००० सालच्या कायद्यानें शेंकडा ५ पर्यंत इतर वनस्पतितेल घालण्यास सर्वत्र मुभा मिळाली, मात्र तसा उल्लेख वेष्टनावर करणें आवश्यक झालें. तरीही इटली व स्पेन अशा मालास ‘चॉकलेटचा पर्याय’ म्हणावयास लावीत. तो आग्रह युरोपीय न्यायालयानें जानेवारी २००३ मध्यें बेकायदा ठरविला.

त्या कायद्यास जोडलेली तेलांची यादी मराठी वाचकानें अवश्य पाहावी. सहा तेलांस परवानगी आहे : बोर्निओचें इलिपे, ताडजातीचें पाम, आफ्रिकेचें शी, आणि राहिलेलीं तीन म्हणजे साल, आंब्याच्या कोयींतील मगज व कोकम. सहापैकीं तीन झाडें आपल्या ओळखीचीं, आणि त्यांतील कोकम तर कोंकण-गोव्याच्या परसांतलें! रातांब्याच्या बियांपासून काढलेलें मुठेल अथवा भिरंडेल आपल्याकडे पायांच्या भेगांस लावतात. तें कोकोच्या लोण्याहून थोड्या अधिक उष्णतेस वितळतें, आणि त्याच्याशीं जमवून घेतें. म्हणून उष्ण हवेंत वडी घट्ट ठेवण्यास तें उपयोगी पडतें. ब्रसेल्सच्या दृष्टीनें जी शुद्धतेची हानि, ती वेंगुर्ल्याच्या दृष्टीनें हवामानाशीं केलेली तडजोड ठरूं शकते. शुद्ध म्हणजे काय हें ठरविणारे बहुधा थंड देशांत बसलेले असतात, एवढेंच येथें ध्यानांत ठेवावें.

प्रमाणांचे आंकडेही तुलना करणारास चकवितात. युरोपीय कायद्यांत दुधाच्या चॉकलेटला कोकोचा एकूण कोरडा अंश किमान शेंकडा २५ व दुधाचा शेंकडा १४ लागतो. इंग्लंड व आयर्लंड यांस त्या कायद्यानें कोको २० व दूध २० अशी सवलत ठेविली. अमेरिकेंत बियांच्या वाटलेल्या लगद्याचें प्रमाण किमान शेंकडा १० व दुधाचें १२ असावें लागतें. हे आंकडे शेजारीं ठेवून अमेरिकेस नांवें ठेवणें सोपें आहे. पण युरोपीय हिशेबांत वरून घातलेलें कोकोचें लोणी धरलें जातें, अमेरिकन हिशेबांत तें धरलें जात नाहीं. त्याचप्रमाणें काळ्या वडीवरील ‘७० टक्के’ ह्या आंकड्यांत कोकोची पूड व कोकोचें लोणी दोन्ही येतात. पहिलें अधिक असेल तर वडी कडू, दुसरें अधिक असेल तर मऊ. तेव्हां दोन सत्तर टक्के सारखे नसतात.

शिवाय वेष्टनावरील राष्ट्र खरेंच राष्ट्र असतें काय? अमेरिकेंत कॅडबरी नांवाची वडी हर्शी कंपनी १९८८ पासून परवान्यानें तयार करते, व तिची चव इंग्लंडांतील वडीहून वेगळी असते. इंग्लंडांत झालेला माल आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांशीं २०१५ सालीं तडजोड होऊन ती आयात थांबली, तेव्हां तिकडील इंग्रज रहिवाशांनीं मोठा शोक केला. १९०८ पासून बर्नशीं नातें सांगणाऱ्या टोब्लेरोनच्या उत्पादनाचा कांहीं भाग स्लोव्हाकियांत न्यावयाचें ठरलें, तेव्हां स्विसपणाच्या कायद्यामुळें २०२३ सालीं तिच्या वेष्टनावरील मॅटरहॉर्न शिखर उतरवून तेथें एक साधा डोंगर काढावा लागला. डोंगर बदलल्यानें चव बदलली असेल तर ती पाहणाराच्या डोक्यांत बदलली.

ह्या सर्व परीक्षांत एक देश नेहमीं गैरहजर असतो, तो म्हणजे कोको पिकविणाऱ्याचा. जगाचा निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना ह्या दोन देशांत पिकतो. टेटे क्वार्शी हा लोहारकाम जाणणारा मनुष्य फर्नांदो पो बेटांतून १८७९ सालीं बिया घेऊन गोल्ड कोस्टला परतला व त्यानें माम्पोंग येथें त्या लाविल्या. सुमारें तीस वर्षांत तो प्रदेश जगांत सर्वांत अधिक कोको पिकवूं लागला. हें काम मळेवाल्या गोऱ्या कंपन्यांचें नव्हे, लहान शेतकऱ्यांचें होतें. कापलेल्या फळांतून गरासकट बिया काढून, केळीच्या पानांत झांकून पांचसहा दिवस आंबविणें व उन्हांत वाळविणें हें काम तेच करतात, आणि चॉकलेटच्या वासाचा पाया ह्या आंबविण्यांतच पडतो. तो बिघडला तर लिंटचें यंत्र कांहीं करूं शकत नाहीं. युरोपीय व्यापाऱ्यांनीं खरेदीचा भाव आपसांत बांधला, तेव्हां ह्याच शेतकऱ्यांनीं १९३७-३८ सालीं माल विकण्याचेंच बंद केलें. शेवटीं चौकशीसमिति नेमावी लागली.

त्याआधींचें साओ तोमे बेटाचें प्रकरण याहून कडू आहे. तेथील पोर्तुगीज मळ्यांवर अंगोलांतून आणलेल्या मजुरांस गुलामांसारखें राबविलें जातें, हें उघडकीस येऊनही इंग्लंडांतील धर्मशील क्वेकर कारखानदारांनीं खरेदी थांबविण्यास १९०९ साल उजाडूं दिलें. त्यावर टीका करणाऱ्या वर्तमानपत्रावर कॅडबरीनें अब्रूनुकसानीचा दावा लाविला. ज्यूरीनें निकाल कॅडबरीच्या बाजूनें दिला, पण भरपाई म्हणून एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, देवविला. चॉकलेटच्या इतिहासांत इतका नेमका गुण दुसऱ्या कोणत्याही परीक्षकानें दिलेला आम्हांस आढळत नाहीं. मुलांच्या मजुरीचा प्रश्न तर अद्यापि सुटलेला नाहीं. त्याबद्दल कारखानदारांनीं २००१ सालीं अमेरिकेंत करारावर सह्या केल्या, आणि मुदती पुनःपुनः लांबविल्या.

पश्चिम आफ्रिकेंत रोगानें व हवेनें पीक बुडालें, तेव्हां २०२४ च्या मार्चमध्यें न्यूयॉर्कच्या वायदेबाजारांत कोकोचा भाव टनास १०,००० डॉलरांच्या वर गेला व वर्षअखेरीस १२,००० च्याही पुढें चढला. कारखानदारांनीं वड्या लहान केल्या, कोको कमी केला. २०२५ सालीं इंग्लंडांतील कांहीं जुन्या बिस्किटांवर ‘चॉकलेट’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार उरला नाहीं, तेथें ‘चॉकलेटच्या स्वादाचें’ असें लिहावें लागलें. शब्द सैल होण्याची सुरुवात अशी होते. आमच्या घरांतील लिमलेटच्या गोळीस हंसणाऱ्यांनीं हें पाहून ठेवावें.

आपल्या देशांत कॅडबरीचा प्रवेश १९४८ चा. त्याच कंपनीच्या पुढाकारानें १९६५ पासून केरळांत कोकोची लागवड वाढविण्याचे प्रयत्न झाले. सुपारी व कोको उत्पादकांच्या ‘कॅम्पको’ ह्या सहकारी संस्थेनें १९८६ सालीं कर्नाटकांत पुत्तूर येथें स्वतःचा कारखाना उभारला. पिकविणारानेंच वडी करावी, हा त्यांतील विचार अमूल्य आहे. अलीकडे ऑरोव्हिल, म्हैसूर, कोची इत्यादि ठिकाणीं लहान कारागीर दक्षिणेंतील बिया आंबविण्यापासूनच निवडून वड्या करूं लागले आहेत. घानांतही तेमा येथें १९६५ पासूनचा कारखाना आपल्याच बियांची वडी करतो. अशा वडीची तुलना स्विस वडीशीं करून तिला खालचा क्रमांक देणें सहज शक्य आहे. परंतु त्या क्रमांकानें बीविषयीं कांहींच कळत नाहीं, दीडशें वर्षांच्या दुग्धव्यवसायाविषयीं मात्र कळतें.

मग परीक्षा करूंच नये काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. रुचि ज्याची त्याची, असें म्हणून हात झाडणें हा आळस आहे. कारण खंवट बी, अर्धवट आंबवण, करपलेली भाजणी, बिघडलेली घोटणी हे दोष खरे असतात व तयार जिभेस ते कळतात. आमचा आग्रह इतकाच कीं, परीक्षकानें आपल्या निकालाचे भाग पाडावे. बी कशी आहे, हा एक प्रश्न. कारागिरी कशी आहे, हा दुसरा. आणि ह्या देशाच्या लोकांस जें हवें होतें तें ह्या वडीनें दिलें कीं नाहीं, हा तिसरा. पहिल्या दोहोंत गुण द्यावे व निर्भयपणें द्यावे. तिसऱ्यांत परक्यानें गुण देण्यापूर्वीं त्या देशाचें दूध, हवा, कायदा व दुष्काळ हीं पाहावीं. आणि ज्याच्या अंगणांत त्या बिया आंबल्या व वाळल्या, त्याच्या पदरांत वडीच्या किंमतींतील किती पडलें, हा चौथा प्रश्न वेष्टनावर लिहिलेला नसला तरी विचारावा. त्याचें उत्तर जिभेस लागत नाहीं. म्हणूनच तो विचारण्याचें काम जिभेवर सोंपवितां येत नाहीं.